वीस नंबरचा रस्ता आणि विहीणबाईंचं गणगोत

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला, घराणं कुठलं? ती म्हणाली, "आयरिश. पण नेब्रास्काचं." मला वाटलं, झालं, विषय उरकला. पुढे कळलं की आयर्लंड आणि नेब्रास्का यांच्या मधली जागा भरण्यासाठी तिच्या सासूबाई बारा वर्षं खपताहेत.

विहीणबाई पंचाहत्तरीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे एक जाडजूड हिरवी फाईल आहे, आमच्या ऑफिसात असायची तशीच, फक्त नाडीऐवजी रबरबँड. मी सातारला भूमी अभिलेख कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काढली हे कळल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी सोडून दिली आणि फाईल थेट माझ्या मांडीवर ठेवली.

घरात चालत आलेली गोष्ट अशी: १८४७ च्या दुष्काळात खापरपणजोबा उपाशीपोटी आयर्लंडहून बोटीत बसले, नेब्रास्कात आले, सरकारने फुकट दिलेली जमीन कसली. १८८८ च्या बर्फाच्या वादळात एक लेकरू गेलं, बाकी सगळी सुखरूप. बस. एवढीच. इतकी गुळगुळीत कहाणी मी फक्त वाटणीच्या दाव्यात ऐकलेली आहे. शिवाय नेब्रास्का वस्तीसाठी कायद्याने खुला झाला तोच १८५४ मध्ये. म्हणजे ही मंडळी मधली निदान सात वर्षं कुठेतरी थांबलेली होती.

गेल्या सप्टेंबरात आम्ही तिघी निघालो. लेक गाडी चालवणार, विहीणबाई पुढे, मी मागे फाईल, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीसह. शिकागोहून पश्चिमेला जायला यूएस २० हा रस्ता धरला. अमेरिकेतला हा सगळ्यात लांब रस्ता, बॉस्टनपासून ओरेगॉनमधल्या न्यूपोर्टपर्यंत, जवळपास ५,४०० किलोमीटर. आम्हाला त्यातला हजारेक किलोमीटरचा तुकडा कापायचा होता. (त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही, तसा शब्द दिलाय. तसंही ते कधी 'ओ' लावून येतं, कधी न लावता, आणि दोन कागदांवर सारखं दिसलं तर विहीणबाईंना संशय येतो.)

पहिला दिवस : गॅलेना, बेंटन

गॅलेना हे शिशाच्या खनिजाचं नाव, आणि इलिनॉयमधल्या या गावाचंही. विटांच्या टुमदार इमारती, पर्यटक, फज विकणारी दुकानं. तिथे कॉफी घेऊन उत्तरेला वळलो. तासाभराच्या आत विस्कॉन्सिनमधलं बेंटन.

१८२०-३० च्या दशकांत या टेकड्यांमध्ये शिशासाठी झुंबड उडाली होती. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या कितीतरी आधी. पहिले खाणकरी घरं बांधायच्या भानगडीत न पडता टेकडीच्या पोटात बिळं करून हिवाळा काढायचे, म्हणून त्यांना बिळात राहणाऱ्या बॅजर या प्राण्याचं नाव पडलं आणि पुढे सबंध विस्कॉन्सिन राज्यच 'बॅजरांचं' झालं. त्या खाणकऱ्यांत आयरिश पुष्कळ होते.

बेंटनच्या सेंट पॅट्रिक चर्चशेजारी एका इटालियन पाद्र्याचं थडगं आहे, फादर सॅम्युएल मॅझुकेली. मिलानचा हा डोमिनिकन पंथाचा माणूस या भागात गावोगाव चर्च बांधत हिंडला आणि १८६४ मध्ये इथेच वारला. आयरिश खाणकऱ्यांच्या जिभेला 'मॅझुकेली' काही वळेना. त्यांनी त्याचं 'मॅथ्यू केली' करून टाकलं आणि एक अस्सल आयरिश पाद्री मिळवला. आपण एल्फिन्स्टनचा अलपिष्टन केला, त्यातलाच प्रकार. शेजारच्या शल्सबर्ग गावात रस्त्यांची नावं सत्य, दया, न्याय, मैत्री अशी आहेत. ती या फादरांनीच दिली म्हणतात. 'दये'वरून 'सत्या'कडे वळताना लेकीने सिग्नल न देता गाडी वळवली, त्यावर विहीणबाई जे बोलल्या ते कुठल्याच रस्त्याच्या नावात बसणारं नव्हतं.

न्यू डिगिंग्ज नावाच्या वाडीत याच फादरांनी १८४४ मध्ये बांधलेलं लाकडी चर्च अजून उभं आहे. साधं लाकूड, साधी बाकं. मला बेंटनच्या चर्चपेक्षा हे आवडलं.

रात्री मोटेलच्या खोलीत फाईल उघडली. १८५० ची खानेसुमारी. अमेरिकेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं ते पहिल्यांदा त्याच वर्षी, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुख. विहीणबाईंनी हे पान सहा वर्षांपूर्वी मिळवलं होतं आणि प्लास्टिकच्या कव्हरात घालून जपलं होतं. खापरपणजोबा, वय ३४, धंदा खाणकाम, जन्म आयर्लंड. खापरपणजी, वय २८, आयर्लंड. मग तीन मुलं: मुलगी ६, मुलगा ४, मुलगा १. तिघांचा जन्म विस्कॉन्सिन. चार वर्षांचा तो विहीणबाईंचा पणजोबा.

मी पेन मागितलं. पन्नासातून सहा गेले चव्वेचाळीस.

"थोरली १८४४ ची," मी म्हटलं. "इथे जन्मलेली. म्हणजे आईबाप त्याआधीच आलेले."

"हो ना."

"दुष्काळ आणणारा बटाट्यावरचा रोग पडला १८४५ च्या शेवटी शेवटी."

विहीणबाई पानाकडे बघत राहिल्या. सहा वर्षं हे पान त्यांच्या हातात होतं, पण वजाबाकी कधी केली नव्हती. दुष्काळाची गोष्ट इतकी पक्की होती की आकड्यांना काही विचारायची गरजच पडली नाही.

"म्हणजे आम्ही उपाशी नव्हतो?" त्या म्हणाल्या. आवाजात चक्क नाराजी.

मी म्हटलं, उपाशी असालही, पण त्या दुष्काळाने नव्हे. जमीन दुसऱ्याची, खंड भरायचा, एवढ्याशा तुकड्यावर बटाटा लावून पोट भरायचं, हे दुष्काळाच्या आधीही होतंच. आणि समुद्र ओलांडायला भाडं लागतं. अगदीच कफल्लक माणूस बोटीत चढत नाही. पुढे दुष्काळात दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली, तेव्हा आधी गेलेल्यांची गोष्टही त्या मोठ्या गोष्टीत विरघळली असणार. आमच्याकडे नाही का, गाव सोडून मुंबईला गेलेला प्रत्येक माणूस 'बहात्तरच्या दुष्काळात' गेलेला असतो. मग तो अडुसष्टलाच परळच्या गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटलेला का असेना.

विहीणबाईंनी दिवा मालवला. अंधारातून थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या भावाला हे मी सांगणार नाहीये."

दुसरा दिवस : गॅरीओवेन

मिसिसिपी ओलांडून डब्यूक. इथले पहिले बिशप मॅथियास लोरास हे फ्रेंच. १८३७ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि आयरिश-जर्मन कॅथलिकांना पूर्वेकडच्या शहरांतून आयोवाच्या मातीवर आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. डब्यूकच्या दक्षिणेला टेकड्याटेकड्यांमध्ये गॅरीओवेन नावाची वस्ती आहे. मूळचं गॅरीओवेन आयर्लंडात लिमरिक शहराला लागून.

यातच विहीणबाई फसल्या होत्या. घरातल्या एका जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने 'गॅरीओवेन' एवढंच लिहिलेलं. त्यांनी काय करावं, विमानाचं तिकीट काढून थेट लिमरिक गाठलं. आठ दिवस पावसात भिजल्या. हाती काही लागलं नाही. आयोवातही एक गॅरीओवेन आहे आणि ते बेंटनपासून जेमतेम तासाभरावर, हे त्यांना गेल्या वर्षी कळलं. मी हसले नाही. आमच्या ऑफिसात वडगाव बुद्रुकचा उतारा वडगाव खुर्दच्या माणसाच्या हातात पडलेला मी पाहिलाय, आणि त्यातून दावा उभा राहिलेलाही.

१८६० च्या खानेसुमारीत हे कुटुंब कुठेच सापडत नव्हतं. खाणकरी गेला कुठे, बाई कुठे, मुलं कुठे, काहीच नाही. ही त्या फाईलमधली सगळ्यात मोठी रिकामी जागा.

गॅरीओवेनला गाव असं नाहीच. चुनखडीचं दगडी सेंट पॅट्रिक चर्च, आजूबाजूला मका आणि दफनभूमी. पॅरिश (चर्चच्या कारभाराची हद्द) १८४० ची, म्हणजे आयोवा राज्य व्हायच्याही सहा वर्षं आधीची. जुने दगड पाऊसवाऱ्याने इतके झिजलेत की हात फिरवला तर बोटाला पांढरी पूड लागते. काही जण अक्षरं दिसावीत म्हणून दगडाला पीठ किंवा दाढीचा फेस चोळतात. विहीणबाई अशा लोकांबद्दल वाईट बोलतात, कारण त्याने दगड आणखी झिजतो. त्यांचं हत्यार म्हणजे आरसा. हातभर लांबीचा साधा आरसा दगडाच्या बाजूला धरायचा आणि उन्हाचा कवडसा दगडावर अगदी आडवा, घासत जाईल असा पाडायचा. खोदलेल्या अक्षरात सावली भरते. समोरून बघताना कोरी वाटणारी शिळा एकदम बोलायला लागते.

लेक आरसा धरून, मी वही घेऊन, विहीणबाई गुडघ्यांवर. रांगेमागून रांग. अडीच तास. उन्हाचा चटका होता आणि मक्याच्या पात्यांची सारखी सळसळ. मी मनातून कधीच कंटाळले होते.

मग एक दगड. बाईचं नाव खापरपणजीचं, पण आडनाव भलतंच. '...ची पत्नी', मृत्यू १८७१, आणि खाली: 'शल पॅरिश, काउंटी कॉर्कची रहिवासी'. आयरिश लोक परदेशात मेले तरी दगडावर आपलं पॅरिश कोरून घेत, वंशावळ शोधणाऱ्यांना हा मोठाच आधार. पण नाव जुळलं म्हणून बाई तीच कशी? त्या नावाच्या पन्नास सापडतील. विहीणबाई उठून पुढे निघाल्याही. मी जुन्या सवयीने कागदाची मागची बाजू बघते, तशी दगडाची कड बघितली. "आरसा इकडे आण," लेकीला म्हटलं.

कडेवर बारीक अक्षरांत एक मुलगी. मृत्यू १८६२, वय १८. आडनाव खाणकऱ्याचं.

१८६२ मध्ये १८, म्हणजे १८४४. पन्नास सालच्या पानावरची सहा वर्षांची थोरली.

खाणकरी मेला होता. बाईने गॅरीओवेनच्या एका शेतकऱ्याशी दुसरं लग्न केलं. लेकीने तिथेच मक्याच्या कडेला उभ्याउभ्या फोनवर १८६० ची यादी उघडून नव्या आडनावाने शोधलं, तर दोन मिनिटांत सगळे सापडले. लिहिणाऱ्याने सगळी पोरं सावत्र बापाच्या आडनावाखाली घातलेली. बारा वर्षं विहीणबाई मेलेल्या माणसाला शोधत होत्या आणि त्याची बायकामुलं दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या नावाने बसली होती. आपल्याकडेही लग्न झालं की बाई कागदावरून अशीच नाहीशी होते. माहेरच्या नावाने शोधा, नाही, सासरच्या नावाने शोधा, आहे. मला हे आधी सुचायला हवं होतं.

विहीणबाई त्या दगडाशेजारी गवतात फतकल मारून बसल्या. थोरलीच्या नावावर बोट फिरवत राहिल्या. त्यांच्या गोष्टीत ही मुलगी नव्हतीच.

परतताना न्यू मेलरे मठात थांबलो. १८४९ मध्ये आयर्लंडातल्या माउंट मेलरेहून आलेल्या साधूंनी काढलेला हा मठ. येताना त्यांच्यातले काही जण मिसिसिपीवर बोटीतच पटकीने गेले. आजचे साधू आपल्याच जंगलातल्या लाकडाच्या शवपेट्या करून विकतात आणि त्यावर मठ चालतो. विहीणबाईंनी आपली पेटी आधीच पसंत करून ठेवली आहे, अक्रोडाची. मला फोटो दाखवला. काय म्हणावं हे न सुचून मी "पॉलिश छान आहे" म्हटलं.

तिसरा दिवस : नुसता रस्ता

आयोवा आडवा कापला. मका, सोयाबीन, पवनचक्क्या, मका. धान्याचे पत्र्याचे उंच डबे दिसले की गाव आलं समजायचं. एका पेट्रोलपंपावर सकाळी आठ वाजता लोक पिझ्झा खात होते, त्यावर अंडं. दशम्या संपल्या. विहीणबाईंनी चटणी ब्रेडला लावून संपवली आणि डब्याच्या कडाही पुसून घेतल्या.

मुक्काम सू सिटी, मिझुरी नदीच्या काठी. झोप येईना म्हणून फाईल चाळत बसले. १९०० च्या खानेसुमारीचं पान. यात दोन रकाने आहेत जे आमच्या कुठल्याही नमुन्यात मी पाहिलेले नाहीत. विवाहित बाईच्या नावापुढे: किती मुलं झाली, आणि त्यांतली किती हयात. विहीणबाईंची पणजी नोरा, म्हणजे गॅरीओवेनला वाढलेल्या त्या पोराची बायको, हिच्यापुढे शाईने स्पष्ट लिहिलेलं: ९. आणि शेजारी ४.

घरच्या गोष्टीप्रमाणे वादळात गेलेलं लेकरू एक. मग बाकीची चार?

विहीणबाई घोरत होत्या. मी पान परत कव्हरात घातलं.

चौथा दिवस : ओनील

नेब्रास्कात शिरल्यावर आभाळ मोठं होतं, दुसरा शब्द नाही. ओनील गावातल्या मुख्य चौकात रस्त्यावरच आयर्लंडचं चिन्ह असलेलं हिरवंगार तीनपानी शॅमरॉक रंगवलेलं आहे, इतकं मोठं की ट्रक त्यावरून जाताना एका पानातच मावतो. होल्ट काउंटीचं हे मुख्य ठिकाण, आणि १९६९ पासून राज्यपालांच्या घोषणेने 'नेब्रास्काची आयरिश राजधानी'.

गावाचा संस्थापक जनरल जॉन ओनील, मोठा वल्ली. अमेरिकेतल्या आयरिश फेनियन बंडखोरांना घेऊन त्याने कॅनडावर स्वारी केली. कॅनडा ब्रिटिशांचा, तो घ्यायचा आणि बदल्यात आयर्लंड सोडवून घ्यायचं, असा सरळ हिशेब. २ जून १८६६ ला रिजवेची लढाई तो जिंकलाही. नंतरच्या दोन स्वाऱ्या मात्र फसल्या. मग त्याने ठरवलं की पूर्वेकडच्या खाणींत आणि चाळींत कुजणाऱ्या आयरिशांना जमिनीवर नेऊन बसवायचं. पेनसिल्व्हेनियाच्या खाणगावांत भाषणं देत फिरला आणि १८७४ मध्ये पहिली तुकडी इथे आणली. लाकूड नाही, दगड नाही. गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या लादा नांगराने कापून त्यांचं घर रचलं, आणि सगळे मिळून राहिले त्या मातीच्या खोपटाला मोठ्या थाटात 'ग्रँड सेंट्रल हॉटेल' नाव दिलं. हे मला फार आवडलं. विनोदबुद्धी असल्याशिवाय माणूस असा माळ कसू शकणार नाही. जनरल १८७८ मध्येच वारला. त्याच्या ओमाहातल्या थडग्यावर १९१९ मध्ये स्मारकाचं अनावरण करायला आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता डी व्हॅलेरा आला होता.

नोरा आणि तिचा नवरा आले ते जनरल वारल्यानंतर वर्षभराने, १८७९ मध्ये. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर, सगळी फी धरून १८ डॉलर, आणि पाच वर्षं राहून कसून दाखवायचं. परदेशी जन्माच्या माणसाला आधी नागरिकत्वाचा अर्ज आणि त्यात व्हिक्टोरिया राणीवरची निष्ठा सोडल्याची शपथ. आयरिशांनी ही शपथ किती उत्साहाने घेतली असेल! पणजोबा मात्र विस्कॉन्सिनचा जन्म, त्याला ही मजा मिळाली नाही.

काउंटीच्या कचेरीत दस्तांची मोठाली पुस्तकं उघडल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं. तोच वास. इथली मोजणी मात्र बघण्यासारखी. नदी-ओढे काही न बघता सगळ्या मुलखावर चौकटी आखलेल्या: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकर, त्याचा पाव म्हणजे होमस्टेड. मोजायला ६६ फुटांची साखळी. आमची मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. ओनीलच्या कचेरीत बसून मी विहीणबाईंची वडिलोपार्जित जमीन गुंठ्यांत काढली, ६,४०० गुंठे. त्यांनी तो आकडा लगेच वहीत लिहिला, भावाला सांगायला.

पहिली नोंद: देणार संयुक्त संस्थानं, घेणार पणजोबा. त्याच्या आधीचं पान नाही. फेरफारात मी नेहमी विचारायची, याच्या आधी कोण? इथून ईशान्येला नायोब्रारा नदीच्या मुखाजवळ पाँका या अमेरिकी इंडियन जमातीचे लोक शेती करून राहत होते. १८७७ मध्ये, म्हणजे नोरा येण्याच्या दोनच वर्षं आधी, सरकारने त्यांना हाकलून आजच्या ओक्लाहोमात नेलं. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर मेलेल्या मुलाला आपल्या मातीत पुरायला परत निघाला, पकडला गेला, आणि १८७९ मध्ये ओमाहाच्या कोर्टात त्याने इंडियन हाही कायद्याच्या दृष्टीने 'माणूस' असल्याचा निकाल मिळवला. जमीनदारांच्या जाचातून सुटून आलेल्या कुळांना मिळालेली ही 'फुकट' जमीन. विहीणबाईंना हे ठाऊक होतं. त्या शाळेत शिकवायच्याही. फक्त आपल्या फाईलशेजारी कधी ठेवलं नव्हतं.

१८९४ चं एक गहाणखत निघालं. त्या वर्षी नेब्रास्कात कडक अवर्षण होतं. खाली नवऱ्याची सही, मग कारकुनाच्या हातचं 'नोरा' आणि आडनाव, आणि दोन्हींच्या मधोमध एक वाकडी फुली. फुलीच्या वर 'तिची', खाली 'निशाणी'. फुलीची एक रेघ जोरात ओढलेली, दुसरीला निब अडखळून शाईचा ठिपका पडलेला. मी असे हजारो अंगठे पाहिले, 'नि. डा. हा. अं.' हजारदा लिहिलं. हात असा थरथरताना नाही पाहिला.

संध्याकाळी शेतावर गेलो. जमीन आजोबांनी १९३६ मध्ये विकली, विहीणबाईंचे वडील ओमाहाच्या कत्तलखान्यात कामाला लागले. आता तिथे भूगर्भातल्या पाण्यावर गोल फिरणारं सिंचनाचं यंत्र आहे. चौकोनी शेतात हिरवं वर्तुळ, चारही कोपरे पडीक. वायव्येच्या कोपऱ्यात गवताखाली जमीन किंचित उंच. मातीचं घर तिथे असेल, नसेल. विहीणबाई तिथे दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मालकाचा मुलगा ट्रक थांबवून "काही हरवलंय का?" विचारून गेला.

पाचवा दिवस : पुस्तक

मी नाश्त्यालाच नऊ आणि चारचा विषय काढला. विहीणबाई म्हणाल्या, "तो रकाना मला माहीत आहे. मी लिहिणाऱ्याची चूक धरून चालले होते."

पॅरिशच्या कार्यालयातल्या बाईंनी जुनं दफनपुस्तक स्वतःच्या हाताने उघडलं. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, ते बरोबरच. आधी वादळ बघितलं. १२ जानेवारी १८८८. सकाळ उबदार म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि भर दिवसा बर्फाची भिंत आली. याच काउंटीत एटा शॅटक नावाची तरुण शिक्षिका तीन दिवस गवताच्या गंजीत अडकून पडली. सापडली जिवंत, पण पुढच्या महिन्यात गेली. आमच्या कुटुंबाचं मात्र त्या जानेवारीत कोणी नाही.

मार्चमध्ये आहे. मुलगा, वय दोन महिने.

यावेळी वजाबाकी विहीणबाईंनी केली. "वादळात मेला नाही," त्या म्हणाल्या. "वादळात जन्मला."

बाईंनी पानं मागे उलटली. नोव्हेंबर १८८३. सहा वर्षांची मुलगी. तिच्यानंतर चार दिवसांनी चार वर्षांचा मुलगा. आणखी पाच दिवसांनी दोन वर्षांची. नऊ दिवसांत तीन. मृत्यूच्या कारणाचा रकाना त्या पुस्तकात नाही, पण नऊ दिवसांत तीन लेकरं म्हणजे घटसर्पच असावा. त्यावरचं औषध, प्रतिविष, यायला अजून दहाएक वर्षं होती. मातीच्या एका खोलीत कोणाला कोणापासून वेगळं ठेवणार?

पाचवं मूल सापडलं नाही. जन्माच्या पुस्तकात नाही, मृत्यूच्याही नाही. १९०० मध्ये दारात आलेल्या माणसाला नोराने तोंडी सांगितलेल्या त्या आकड्यातच ते आहे, तेवढंच.

दफनभूमीत नोराच्या मोठ्या दगडाच्या पायाशी एक वीतभर दगड आहे, वर झिजलेलं कोकरू. नाव नाही. आरसा धरूनही काही दिसलं नाही.

रात्री जेवताना विहीणबाईंनी मला विचारलं, "तुझ्या आजीला किती मुलं झाली?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आमच्या घराण्याची नामावळी नाशिकच्या उपाध्यायांकडे आहे, मी स्वतः जाऊन बघितलीय, सात पिढ्या. त्यात आजोबा आहेत, त्यांचे वडील आहेत, माझे वडील आणि काका आहेत. आजी 'सौ.' एवढीच. सातबाऱ्यावर वारस म्हणून आत्या लागली होती, तीही पुढे हक्कसोडपत्राने गेली. ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं तिला.

साडेआठ वाजले होते, वाईला सकाळचे सात. आत्याला फोन लावला. अठ्ठ्याऐंशीची आहे, पण फोन पहिल्या रिंगला उचलते.

"आईला? अकरा," ती म्हणाली. लगेच. "जगलो पाच. का गं, मध्येच?"

"नावं आठवतात?"

"न आठवायला काय झालं."

फोन स्पीकरवर ठेवला. आत्या सांगत गेली, मी एकेक नाव पुन्हा म्हणत गेले, विहीणबाई हिरव्या फाईलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर रोमनमध्ये लिहीत गेल्या. दहा झाली.

"अकरावं?"

"तिचं बारसं व्हायचं राहिलं," आत्या म्हणाली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "पण आई तिला चिमी म्हणायची."

विहीणबाईंनी पेन्सिल वर केली आणि स्पेलिंग विचारलं.